सदर इसम

विजयनगरच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर
सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं टाइप करतो.
बोटांना वळण पडलंय.
कुणी म्हणतं मारलं, बोटं म्हणतात मारहाण केली.
कुणी म्हणतं तो, बोटं म्हणतात सदर इसम.

आज पडदा लावला होता,
दवाखान्यात असतो तसा, चाकांवरचा.
एक चाक घसरतं म्हणून शिपाई गोंधळीनं
खाली जुन्या बोर्डाच्या कागदाची घडी सारलेली.
पलीकडे तो.
अलीकडे ती, वय नऊ,
खुर्चीवरून पाय फरशीला पोचत नव्हते.
तिचं नाव मला माहीत आहे. लिहायचं नसतं.

तांबोळी मॅडमनी आधी शाळेचं विचारलं,
बाई कोण, डब्यात काय आणलंस,
मग हळूच, खोटं म्हणजे काय गं?
ती बराच वेळ पंख्याकडं बघत बसली.
"वही घरी राहिली नसताना
घरी राहिली म्हणायचं."
मॅडमनी मला सांगितलं:
साक्षीदारास प्रश्नांची समज आहे. शपथ दिली नाही.

चौगुले वकिलांचे प्रश्न चिठ्ठीवरून यायचे,
मॅडमच्या तोंडून तिच्यापर्यंत जायचे.
तारीख? "म्हाईत नाही."
वार? "म्हाईत नाही."
शेडचं दार कसल्या रंगाचं? "निळं."
पोलिसांना तर हिरवं सांगितलंस.
"मग हिरवं असंल.
म्हाईत नाही."
चौगुल्यांनी वहीत दोन रेघा ओढल्या.

मी पढवून आणलेली पोरं पाहिलीत.
त्यांचं दार कधी रंग बदलत नाही,
आणि तारीख तर ती विचारायच्या आधीच सांगतात.
पण लघुलेखकाला मत नसतं,
पगार असतो.

"मग तुला आठवतंय काय?"
"जाळीवर बेदाणा टाकलेला.
अजून हिरवा हुता. चावला की तोंडात पाणी सुटायचं,
बेदाण्याचंच. आन् डिपिंगच्या तेलाचा वास."
माझा मेव्हणा तासगावात शेडवर असतो.
आठवड्याभरात ते पाणी आटतं.
जाळी कुठल्या दिवशी भरली
ते मालकाच्या वहीत असतं, मजुरीसकट.
मॅडम लिहिता लिहिता थांबल्या,
मग त्यांनी समासात काहीतरी लिहिलं.
मला दिसलं नाही.

शेवटची चिठ्ठी:
कोर्टात काय बोलायचं ते आईनं शिकवलं का?
"हो."
चौगुले खुर्चीत मागे टेकले
आणि माझी बोटं धावली पुढं:
हे म्हणणे खरे आहे की मला माझ्या आईने शिकवले.
पूर्णविराम.
"रडू आलं तर पाणी माग म्हणली.
लाजू नको म्हणली, बाई आहेत साहेब."
पूर्णविरामानंतरही माणसं बोलत असतात,
हे मला या वयात.

मग वाचून दाखवायचं. ते काम माझं.
मी नेहमीच्या पट्टीत वाचत गेलो,
सदर इसमाने मला शेडमध्ये बोलावले,
सदर इसमाने दार लावून घेतले,
आणि तिनं हात वर केला,
वर्गात करतात तसा.
"मी असं नाही म्हटलं."
चौगुले पुढं वाकले.
"सदर इसम नाही म्हटलं मी. आबा म्हटलं.
आम्ही सगळी आबाच म्हणतो."

पडद्यापलीकडे कुणीतरी खाकरलं.
"दुरुस्त करा," मॅडम म्हणाल्या.

अकरा ठिकाणी होतं.
संगणकावर एका बटणात बदलता येतं.
मी एकेक करून बदललं.
आबांनी मला शेडमध्ये बोलावले.
आबांनी दार लावून घेतले.
आदरार्थी तसंच ठेवलं,
ती तसंच बोलली होती.

छापून आणला तेव्हा कागद कोमट होता.
सही कुठं करायची ते दाखवलं, पेन दिलं.
ती पेनकडं बघत राहिली.

"पेन्सिल नाही का?
आम्हाला पाचवीपासून पेन."